हनीबेरी (निळी हनीसकल): जांबोटीच्या माळावर लावायची का नको?

जांबोटी_माळ | सोमवार, रात्री ९:१०
नमस्कार मंडळी. इथं नेहमी नुसतं वाचतो, आज विचारूलालोय. जांबोटीच्या अलीकडं घरची अर्धा एकर माळजमीन हाय, उताराची. खाली जांभा, वर वीतभर माती. जुना काजू होता, तेच्यातली निम्मी झाडं गेली. बुंध्याशी भुसा पडायचा, डिंक गळायचा, पानं पिवळी व्हायची आणि झाड उभंच वाळायचं. वाळवीच असणार. आता तिथं काय लावायचं म्हणून घरात रोज वाद. भाऊ म्हणतोय ड्रॅगन फ्रूट, बाबा म्हणतात परत काजूच.

तेवढ्यात मोबाईलवर एक जाहिरात आली. "हनीबेरी, डोंगरातली हनीसकल, निळं फळ, ब्लूबेरीपेक्षा चढा भाव, सह्याद्रीच्या हवेला एकदम योग्य." झुडूप छातीएवढं, काटा नाही. रोप साडेचारशे रुपये, शंभराच्या वर घेतली तर सवलत. फोन लावला तर पलीकडचा विचारतोय, "तुमची उंची किती? साडेसातशे मीटर? मग बघायलाच नको, डोंगरी झाड आहे." आपल्या भागात कोणी लावलंय काय? फळ धरतंय काय?

अनगोळ_नाका | सोमवार, रात्री ९:२२
शंभर रोपं गुणिले साडेचारशे. तेवढ्यात तेच्या पोराची फी निघतीय की ओ.

शहापूरची_सुमा | सोमवार, रात्री ९:४०
हनीसकल म्हणजे वेल ना? आमच्या गेटवर आहे. अंधार पडला की वास सुटतो, मोठे पतंग येतात. आज उमललेलं पांढरं फूल उद्या पिवळं. पण तिला खाण्यासारखं फळ धरलेलं मी तरी पाहिलं नाही. झुडूप कुठून आलं मध्येच?

वनस्पती_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:५५
सुमाताई, तुमच्या गेटवर आहे ती जपानी हनीसकल, लोनिसेरा जापोनिका. लोनिसेरा या प्रजातीत दीडशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य वेली नसून झुडपं आहेत. आपल्याकडे बागांमधून वेल आली म्हणून आपल्याला वेलच ठाऊक. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव पक्कं केलं, फ्रँकफुर्टचे सोळाव्या शतकातले वैद्य आणि वनस्पतीतज्ज्ञ अॅडम लोनित्सर यांच्यावरून.

जांबोटीकर, जाहिरातीतलं झुडूप म्हणजे लोनिसेरा सेरुलिया. आल्प्स, कार्पेथियन या डोंगरांत, सायबेरियात, कामचाटकात, जपानच्या होक्काइडो बेटावर आणि तिकडे कॅनडात ते रानात उगवतं. फळ बघण्यासारखं असतं. या झुडपांना फुलं जोडीनं येतात, एका देठावर दोन. निळ्या जातीत त्या दोन फुलांच्या बुडाशी असलेली छोटी छदं (पानासारखी बारीक अंगं) एकमेकांना चिकटून वाढतात आणि दोन्ही अंडाशयांभोवती पिशवी तयार करतात. ती पिशवीच पुढे गरदार होते. बाहेरून आपल्याला एकच लांबट फळ दिसतं, वर द्राक्षावर असते तशी राखाडी भुकटी. आडवं कापलं की आत दोन फळं शेजारी शेजारी. म्हणूनच तर टोकाशी कधी कधी दोन फुलांच्या खुणा दिसतात.

आता आल्प्समध्ये दुसरी एक आहे, लोनिसेरा अल्पिजेना. तीही पक्की डोंगरी. तिची दोन फळं चिकटून लालभडक चेरीसारखं काहीतरी होतं. दिसायला फारच गोड, पण खाल्लं तर उलट्या. युरोपातल्या कुंपणांवरच्या लाल फळांच्या हनीसकलही तशाच. तेव्हा "हनीसकलचं फळ खातात" असं सरसकट कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. खाण्याजोगी म्हणून जगभर लागवड होते ती मुख्यतः या निळीची.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते "लावू नका" असं आहे. कारण सविस्तर लिहितो, आधी शाळेतल्या नातवाला सोडून येतो.

फौजी_नंदगड | मंगळवार, सकाळी ८:३०
मास्तर, तुम्ही येईपर्यंत मी थोडं लिहितो. मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, बेळगावच्या सेंटरलाच ट्रेनिंग, मग निम्मी नोकरी वर बर्फात. लडाखला नाल्याच्या कडेला गुडघ्याएवढी झुडपं असायची, काटेरी. पान एवढंसं, नखाएवढं. जूनच्या शेवटी की जुलैत तेच्यावर गुलाबी नळीसारखी फुलं यायची. आजूबाजूला सगळा दगड आणि मधीच हे गुलाबी. आमच्यातला एक गढवाली जवान म्हणायचा की आमच्याकडं पण असली झुडपं हायत, पण बिनकाट्याची, मोठी, भूर्जाच्या झाडाखाली. ही तीच काय?

वनस्पती_मास्तर | मंगळवार, सकाळी १०:१५
सुभेदारसाहेब (हुद्दा चुकला असेल तर वर धरा), तुमचं काटेरी ते लोनिसेरा स्पायनोसा असणार. लडाख, स्पिती, तिबेट असा त्याचा मुलूख. काटे म्हणजे टोकाला कडक झालेल्या फांद्याच. एवढ्या कोरड्या वाऱ्यात मोठं पान परवडत नाही. गढवालात वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत त्या उंचीच्या) जवळ, भूर्ज आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या सोबतीनं बऱ्याच जाती आहेत: ओबोव्हाटा, अँगुस्टिफोलिया, हिस्पिडा. खालच्या उंचीवर क्विन्क्वेलोक्युलारिस, जिची पिकलेली फळं अर्धपारदर्शक असतात, उजेडासमोर धरली तर आतल्या बिया दिसतात.

आता जांबोटी. विक्रेत्यानं तुम्हाला उंची विचारली तिथेच घोळ आहे. हे झाड उंचीचं नाही, थंडीचं आहे. ज्या कॅनडात त्याची सगळ्यात गाजलेली वाणं निघाली ते सास्काटून शहर पाचशे मीटरच्याही खाली आहे, म्हणजे आपल्या बेळगावपेक्षा बुटकं, आणि सपाट. होक्काइडोत ते रानटी उगवतं ते युफुत्सूच्या दलदलीच्या मैदानात, समुद्राला लागून. आल्प्समध्ये त्याला वर चढावं लागलं कारण खाली उकडतं. इतकंच.

हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. आपण १६ अक्षांशाच्याही खाली. इथं साडेसातशे मीटरनं मिळते ती थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे बारा-चौदा अंश. कधी दहाच्या खाली गेला पारा तर पेपरात फोटो येतो, शेकोटीचा. झुडपाच्या हिशेबात तो हिवाळाच नव्हे.

पानगळीच्या झाडाला हिवाळ्यात शून्य ते सात अंशांच्या आसपासचे पुरेसे तास लागतात. ते मिळाले की कळ्या नीट फुटतात. निळ्या हनीसकलचा स्वभाव त्यातही उतावळा आहे. तिची झोप हलकी. जिथे हिवाळा सौम्य, तिथे मध्ये चार दिवस ऊन पडलं की ती जागी होते, अवेळी फुलते, परत थंडी, परत फूल. सौम्य हवेच्या देशांत रशियन वाणं भर जानेवारी-फेब्रुवारीत फुलून बसतात ही नेहमीची तक्रार. आपल्याकडे मग काय होईल विचार करा. आणि एप्रिलमध्ये ३५-३६ अंशांत तिची पानं कडेनं करपतील. त्यांच्याकडे जुलैच्या उन्हातच करपतात.

जमिनीचं मात्र खोटं बोलणार नाही. जांभ्याची आम्लधर्मी, निचऱ्याची माती तिला चालेल. अडचण खालची नाही, वरची आहे.

सास्काटूनचा_बेळगावकर | मंगळवार, रात्री ११:५०
मास्तरांनी सास्काटूनचं नाव काढलं आणि मी जागा झालो! मूळचा टिळकवाडीचा, इथं बरीच वर्षं झाली. घरामागं दोन झुडपं आहेत, इथं त्याला हॅस्कॅप म्हणतात. इथल्या सस्कॅचेवान विद्यापीठात बॉब बोर्स यांनी त्यावर काम केलं. रशियन, जपानी अशी वाणं एकमेकांत मिसळून. ट्युंड्रा, बोरियालिस ही त्यांची २००७ ची वाणं, नंतर ऑरोरा, मग बोरियल मालिका.

थंडी किती म्हणाल तर उणे चाळीस इथं बघितलंय आणि झुडपाला काही झालेलं नाही. उणे ४७ पर्यंत टिकतं असं विद्यापीठवाले सांगतात. कमाल फुलांची: मे महिन्यात उमललेल्या फुलावर उणे सात अंशांचा दहिवर पडला तरी फळ धरतं. फिक्कट पिवळी फुलं, खाली माना घातलेली. त्यावेळी मधमाशी अजून पेटीतच असते, पण गुबगुबीत भुंगेमाशा हजर. जूनच्या शेवटाला फळ.

दोन गोष्टी जाहिरातवाला सांगणार नाही. एक, एकाच वाणाची शंभर रोपं लावली तर फळ नावापुरतं. स्वतःच्या परागानं धरत नाही, नात्यातलं वाणही चालत नाही, वेगळं वाण पाहिजे आणि तेही त्याच आठवड्यात फुलणारं. दुसरं, फळ बाहेरून निळं झालं म्हणजे पिकलं नव्हे. आत हिरवंच असतं, त्यावेळी खाल्लं तर तोंड वाकडं. निळं झाल्यावर आणखी दोनेक आठवडे धीर धरायचा, आणि तेवढ्यात पक्षी सगळं साफ करतात. जाळी टाकल्याशिवाय आमच्या वाट्याला काही येत नाही.

आणि ऊन. जूनमध्ये इथं साडेसोळा तास दिवस असतो. रात्री साडेनऊला मी बाहेर पुस्तक वाचू शकतो. बेळगावात सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांचा. चव? रासबेरीत कोकम पिळल्यासारखी. पोरांना आवडते, बायकोला नाही.

हवं तर डिसेंबरात येताना काड्या आणतो, बॅगेत चार-पाच बसतील. लावून तरी बघा.

वनस्पती_मास्तर | बुधवार, सकाळी ७:०५
नको, काड्या आणू नका. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे लागवडीचं कुठलंही साहित्य आणायचं तर आधी आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. बियांनाही. हा नुसता कागदी नियम नाही. घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या तणांनी आपल्या डोंगराचं काय केलं ते जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर दोन्ही बाजूंना दिसतंच. अमेरिकेत जपानी हनीसकल आणि माकी नावाची झुडपी हनीसकल, दोघींनी जंगलंच्या जंगलं झाकून टाकली आहेत. हॅस्कॅप तशी नाही, पण काडीबरोबर कुठली कीड येते ते काडीवर लिहिलेलं नसतं.

सास्काटूनचा_बेळगावकर | बुधवार, सकाळी ८:४०
बरं मास्तर. मग कुंदा घ्यायला रिकामी बॅग घेऊन येतो.

निपाणीकर | बुधवार, दुपारी १:२०
मास्तरांचा मान ठेवून विरोधात बोलतो. असंच सगळं स्ट्रॉबेरीबद्दल पण म्हणत होते की. महाबळेश्वरला येते, आता खाली वाई-पाचगणीच्या पट्ट्यात पण घेतात. सफरचंद तर कर्नाटकात लोकांनी लावलंय, फळं आलेले व्हिडिओ बघितले. तंबाखू सोडून आमच्यातल्या लोकांनी काय काय लावलं तेला हिशेब नाही. कोणी तरी पहिला लागतोच. शंभर नको, दहा लावून बघू दे की.

वनस्पती_मास्तर | बुधवार, रात्री ८:००
तुमचा मुद्दा रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

स्ट्रॉबेरी हे आपल्याकडे वर्षाचं पीक आहे. पावसाळा संपता संपता नवी रोपं लावायची, थंडीत फळं काढायची, उन्हाळा आला की संपलं. मातृरोपं बाहेरून येतात. म्हणजे त्या झाडाला इथं आयुष्य काढावं लागत नाही, फक्त हंगाम काढावा लागतो. हनीबेरीला वीस-तीस वर्षं त्याच खड्ड्यात काढायची असतात, दर वर्षी झोपून उठायचं असतं.

सफरचंदाचं एचआरएमएन-९९ हे वाण हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी शोधलं. बिलासपूर हा हिमाचलातला गरम भाग. तिथं कमी थंडीत फळणारं झाड त्यांना सापडलं आणि त्यांनी ते वाढवलं, म्हणून ते खाली उतरू शकलं. हनीबेरीची नावाजलेली वाणं नेमकी उलट्या दिशेनं निवडलेली आहेत. रशिया, होक्काइडो, कॅनडा, जास्तीत जास्त गारठ्यात टिकेल तीच ठेवायची. त्यातलं वाण जांबोटीत लावणं हा प्रयोग नसून जुगार आहे. दहा रोपांचा जुगार हौसेनं खेळायचा असेल तर खेळा, पण त्यावर काजूची जागा सोडू नका.

दक्षिणेत हनीसकल नाहीच असंही नाही. निलगिरीत, पळणीच्या डोंगरात लोनिसेरा लेशेनॉल्टी ही आपली वेल आहे, शोला म्हणजे तिथल्या डोंगरमाथ्यावरच्या जंगलाच्या कडेनं. झुडपी लिग्स्ट्रिनाही निलगिरीत आहे. पण दोड्डबेट्टा २,६३७ मीटर. तिथं हिवाळ्यात सकाळी गवतावर दहिवर गोठतो. चोर्ल्याचा घाट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

अनगोळ_नाका | बुधवार, रात्री ८:१५
म्हणजे राजहंसगडावर लावली तरी चालणार नाही म्हणता.

कुद्रेमनीचा_संतू | बुधवार, रात्री ९:३०
मी गेल्या वर्षी ऑनलाइन "हनीबेरी" म्हणून तीन रोपं मागवली होती, दुसऱ्याकडून. आता ती मांडवावर चढलीत. पान समोरासमोर हाय, खाली जरा लव हाय. खोड मोडलं तर आत पोकळ. फूल आलं, पांढरं, दुसऱ्या दिवशी पिवळं.

शहापूरची_सुमा | बुधवार, रात्री ९:४५
संतू, आमच्या गेटवर या, तुमच्या रोपाची आई दाखवते.

वनस्पती_मास्तर | गुरुवार, सकाळी ६:४०
चढणारं, पोकळ खोडाचं, पांढऱ्याचं पिवळं होणारं, म्हणजे जपानी हनीसकलच. निळी हनीसकल कधीच चढत नाही. जुन्या फांदीची साल लांब पट्ट्यांनी सुटते आणि खाली तांबूस खोड दिसतं, ही तिची खूण. तुमच्या वेलीला काळी गोल फळं धरली तर पोरांना खाऊ देऊ नका. वास घ्या, बाकी काही नको.

जांबोटीकर, विक्रेत्याला एक काम सांगा. दोन वेगळ्या वाणांची नावं लेखी मागा, आणि कर्नाटकात फळ धरलेल्या झाडाचा पत्ता मागा. पत्ता दिला तर आपण सगळे मिळून बघायला जाऊ, पेट्रोल माझं.

जांबोटी_माळ | गुरुवार, रात्री ९:००
फोन केला. वाणाचं विचारल्यावर "सगळं एकच असतं साहेब" म्हणाला. पत्त्याचं विचारल्यावर नेटवर्क गेलं तेचं. विषय संपला. पण माळ तसाच हाय की हो. आता सांगा काय लावू. आणि फौजी काका, तुमच्या लडाखच्या झुडपाचा फोटो असला तर टाका, बघायचा हाय.

फौजी_नंदगड | गुरुवार, रात्री ९:२०
फोटो कसला बाबा, तेव्हा कॅमेरा नेऊ देत नव्हते. डोक्यात हाय तेवढंच.

कणकुंबी_अक्का | शुक्रवार, सकाळी १०:००
सगळं वाचलं. अरे, निळं-काळं आंबटगोड फळ पाहिजे, डोंगरात येणारं झुडूप पाहिजे, जांभ्यावर पाहिजे, आणि वर राखण नको. आमच्या दारापुढं एप्रिल-मे मध्ये काय पिकतंय? करवंद! पानाच्या द्रोणात घालून बायका बेळगावच्या बाजारात बसतात, दुपारपर्यंत टोपली रिकामी. तोडताना बोटाला चीक लागतो तो दोन दिवस जात नाही, पण काट्यामुळं गुरं शिरत नाहीत ते वेगळंच. रानचं करवंद बारीक म्हणून भाव नाही म्हणत असशील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठानं "कोकण बोल्ड" काढलंय, फळ मोठं. कच्चं लोणच्याला, पिकलं खायला. कडेनं कुंपण कर त्याचं.

आणि दुसरं. तुझा काजू वाळवीनं गेला नाही. बुंध्याशी भुसा आणि डिंक म्हणजे रोठा. आमच्याकडं तेच झालंय. वाळवी मेलेल्या झाडाला नंतर लागते, लोक तिलाच धरतात.

वनस्पती_मास्तर | शुक्रवार, सकाळी ११:१०
अक्का, अगदी बरोबर, आणि माझ्या नजरेतून हे सुटलं. रोठा म्हणजे खोड-मूळ पोखरणारी भुंगेऱ्याची अळी. जमिनीजवळच्या सालीच्या भेगांत मादी अंडी घालते, अळी सालीखालून बोगदे पाडत मुळात उतरते. झाडाचा अन्नरसाचा रस्ताच तुटतो, म्हणून पिवळं पडून उभं वाळतं. जांबोटीकर, वाळलेली झाडं अजून उभी आहेत का?

जांबोटी_माळ | शुक्रवार, दुपारी २:३०
उभी हायत. जळणाला होतील म्हणून ठेवलीत. चार-पाच.

वनस्पती_मास्तर | शुक्रवार, दुपारी ३:००
मग नवीन काहीही लावायच्या आधी ती मुळासकट काढा आणि जाळा. त्याच खोडांत अळ्या-कोष बसलेले असतात, भुंगेरे बाहेर पडून उरलेल्या निम्म्या झाडांवर जातील. राहिलेल्यांच्या बुंध्याची माती बाजूला करून दोन-तीन फुटांपर्यंत खोड बघा. ताजा भुसा दिसला तिथे साल तासून अळी काढता येते, लवकर कळलं तर झाड वाचतं. औषधाचं रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या) विचारा, मात्रा तिथूनच घ्या. मग मोकळ्या जागी काजूचीच वेंगुर्ल्याची कलमं लावा, वेंगुर्ला-४ किंवा ७. बाबांचं ऐका.

निपाणीकर | शुक्रवार, दुपारी ३:४०
मधी कोकम पण बसवा की. कोकमला भाव हाय.

कणकुंबी_अक्का | शुक्रवार, दुपारी ४:०५
कोकम लावायचं तर बीचं रोप नको, कलम घे. बीच्या रोपात निम्मी नर निघतात, सहा-सात वर्षं वाट बघून मग कळतं. "कोकण अमृता"चं कलम मिळतं. करवंदाचं बी मात्र फळ पिकल्या पिकल्या काढून लगेच पिशवीत टाक, वाळवून ठेवलं तर उगवत नाही.

जांबोटी_माळ | शुक्रवार, रात्री ८:४५
रविवारी कुऱ्हाड आणि जेसीबीवाला सांगितलाय. भुसा असलेल्या बुंध्याचे फोटो टाकतो, मास्तर बघून सांगा कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं. बाबांना हा धागा वाचून दाखवला. करवंदाच्या कुंपणाला ते तयार हायत, पण म्हणतात कलम विकत कशाला, मागच्या डोंगरातनं बी आणू.